यलोस्टोनला जाताय? मग गरम कुंडात हात घालायची सवय गावातच ठेवून जा

मागच्या वर्षी जूनमध्ये आम्ही दोघं नवराबायको पोरीकडे अमेरिकेला गेलो होतो. ती आणि जावई सॉल्ट लेक सिटीत राहतात, तिथून यलोस्टोन नॅशनल पार्क गाडीनं पाच-साडेपाच तास. परत आल्यापासून चिमूर-भद्रावतीकडचे तीन-चार जण विचारून गेले, भाऊ आमचीही पोरं नेतो म्हणतात, काय पाहायचं, काय घालायचं, सोबत काय न्यायचं. आता गावागावातली पोरं तिकडं आहेत आणि मायबाप सहा महिन्यांसाठी जातात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, ज्याला लागेल त्यानं वाचावं.

सगळ्यात आधी पाण्याचं सांगतो कारण बाकी काही विसरलं तरी चालेल, हे विसरून चालणार नाही. आपल्याकडे गरम पाण्याचं कुंड म्हणजे तीर्थ. पैनगंगेकाठच्या उनकेश्वरला आपण जातो ना, शरभंग ऋषींच्या अंगावरचा रोग बरा व्हावा म्हणून रामानं बाण मारून गरम पाणी काढलं अशी तिथली कथा, तिथं आपण अंघोळ करतो, डोक्यावर पाणी घेतो, नाणं टाकतो, हात जोडतो. पाणी दिसलं की हात घालायचा हे आपल्या अंगात भिनलेलं आहे. आमच्या घरच्यांनी पहिल्याच कुंडापाशी वाकून हात पुढं केला, "अवो, चिमूटभर पाणी डोळ्याले लावून घेते ना," आणि पोरगी इतक्या जोरात ओरडली की बाजूचे गोरे लोकही दचकले. तिचं बरोबर होतं. तिथलं पाणी उनकेश्वरसारखं अंघोळीच्या गरमीचं नाही, गंज कुंडांत ते अक्षरशः उकळतं. पार्क इतक्या उंचीवर आहे की पाणी ९३ डिग्रीलाच उकळी धरते, आणि काही ठिकाणी तर उकळीच्याही वर तापलेलं असतं आणि वरून शांत निळंशार दिसतं, बुडबुडा नाही काही नाही.

आणि कुंडाची कड दिसते तशी नसते. पाण्यातून खनिजं साचून साचून वर एक पापुद्रा तयार होतो, कुठं हातभर जाड, कुठं नुसता पापडासारखा, आणि त्याच्याखाली उकळतं पाणी. वरून पाहून जाड कुठं आणि पातळ कुठं हे कोणालाच ओळखता येत नाही. म्हणून पार्कवाल्यांनी लाकडी फळ्यांचे रस्ते बांधले आहेत, त्याला बोर्डवॉक म्हणतात, त्यावरून पाय खाली टाकायचा नाही, फोटोसाठी नाही, लघवीसाठी नाही, काही पडलं तर उचलायलाही नाही. या पार्कात आजपर्यंत वीसहून जास्त माणसं गरम पाण्यानं भाजून मेलीत. २०१६ मध्ये नॉरिस नावाच्या भागात एक तरुण पोरगा अंघोळीला बरं कुंड शोधत फळ्यांवरून खाली उतरला, घसरून पडला, आणि त्याचं शरीरही घरच्यांना मिळालं नाही. तो मस्तीखोर होता असं मी म्हणणार नाही, त्याला गरम पाण्यात बसायचं होतं, आपल्यालाही तेच वाटतं ना.

माझी स्वतःची टोपी ग्रँड प्रिझमॅटिक नावाच्या कुंडापाशी वाऱ्यानं उडाली. पांढरी टोपी, चाळीस वर्षांची सवय, ती पडली आणि माझा पाय आपोआप उचलला गेला, जावयानं मागून शर्ट धरला. तिथं वारा भल्ला असतो आणि कुंडाच्या बाजूला लोकांच्या टोप्या पडलेल्या दिसतात. तर टोपी, दुपट्टा, पदर सगळं नीट बांधून, खोचून घ्या, आणि उडालं तर जाऊ द्या. लहान नातवंडं असतील तर त्यांचा हात क्षणभरही सोडायचा नाही.

नाणी पण टाकू नका. तिथं मॉर्निंग ग्लोरी म्हणून एक कुंड आहे, आधी पूर्ण निळं होतं, तिथल्या एका निळ्या फुलावरून नाव पडलं. लोकांनी वर्षानुवर्षं त्यात नाणी आणि कचरा टाकला, खालून पाणी यायची वाट बुजली, पाणी थंड पडलं आणि कडेचा पिवळा-नारिंगी रंग आत सरकला. आपल्या श्रद्धेनंच कुंड बिघडू शकते हे मला तिथं पहिल्यांदा कळलं, आणि खरं सांगतो, उनकेश्वरला टाकलेली नाणी डोळ्यांसमोर आली. दुरून हात जोडा, पाया पडा, कोणी काही म्हणत नाही. आमच्या घरच्यांनी प्रत्येक कुंडाला तसाच नमस्कार केला. त्या भागाशी नातं सांगणाऱ्या २७ आदिवासी जमाती आहेत, पार्क व्हायच्या हजारो वर्षं आधीपासून त्यांचा तिथं वावर होता, आपल्या ताडोब्यात जसं तळ्याकाठी तारू देवाचं ठाणं आहे आणि गोंड लोक तिथं येतात तसंच हे म्हणायचं. आपण पाव्हणे म्हणून जातो, पाव्हण्यासारखं राहायचं.

हे पाणी तापतं कसं ते समजून घेतलं की पाहायला जास्त मजा येते. पार्कच्या खाली जमिनीत वितळलेला आणि अर्धवट वितळलेला खडक आहे. तिथं जुना मोठा ज्वालामुखी आहे, त्याचा शेवटचा महास्फोट सुमारे ६ लाख ४० हजार वर्षांपूर्वी झाला. पावसाचं आणि बर्फाचं पाणी भेगांतून खोल जातं, तापतं आणि वर येतं. वाट मोकळी असली तर शांत कुंड होतं. वाट कुठं अरुंद असली तर वरच्या पाण्याचा दाब खालच्याला उकळू देत नाही, प्रेशर कुकरसारखं आत कोंडतं, मग वरचं थोडं पाणी सांडलं की दाब कमी होतो आणि खालच्या पाण्याची एकदम वाफ होऊन सगळं पाणी आभाळात फेकलं जातं, तो गीझर. पाणी कमी असलं तर नुसती वाफ शिट्टी मारत निघते. आणि जिथं आम्लानं खडकाचा चिखल होतो तिथं तो चिखल असा रटरटतो की चुलीवर बेसन शिजतंय असंच वाटतं. उनकेश्वरचं पाणी तापतं ते असं ज्वालामुखीनं नाही, पाणी जमिनीत खोल जाऊन तिथल्या उष्णतेनं तापून भेगांतून वर येतं, म्हणून तिथं अंघोळ करता येते. गंधकाचा वास मात्र दोन्हीकडे ओळखीचाच, डोकं दुखत असेल तर वाफेपासून जरा दूर उभे राहा.

अशा जागा पार्कात दहा हजारांवर आहेत आणि त्यातले पाचशेच्या वर गीझर, म्हणजे जगातले जवळपास अर्धे तिथंच. सगळं पाहायच्या नादी लागू नका. आम्ही तीन दिवस काढले, चार असते तर बरं झालं असतं. पार्क नऊ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, १८७२ मध्ये झाला, जगातला पहिला नॅशनल पार्क, आणि आतला मुख्य रस्ता इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आहे. खालचं वर्तुळ एक दिवस, वरचं एक दिवस, आणि एक पूर्ण दिवस फक्त प्राण्यांसाठी ठेवा.

ओल्ड फेथफुल हा गीझर साधारण दीड तासानं उडतो. शंभर फुटांच्या वर पाणी जाते, कधी दीडशेच्याही पलीकडे, आणि हे दीड मिनिटापासून पाच मिनिटांपर्यंत चालतं. पुढची वेळ पार्कच्या ॲपवर आणि तिथल्या बोर्डावर लिहिलेली असते, दहा मिनिटं इकडंतिकडं धरून चाला. आधीचा फवारा थोडा वेळ चालला असेल तर पुढचा लवकर येतो, जास्त वेळ चालला तर उशीर, यावरूनच ते वेळ काढतात. लोक येतात, एक फवारा पाहतात आणि गाडीकडे पळतात, तसं करू नका. तिथूनच मागं फळ्यांचा रस्ता जातो, आरामात दोन तास चाला, एका जागी इतके गीझर दुसरीकडे कुठंच नाहीत. स्टीमबोट म्हणून नॉरिसला एक आहे तो तीनशे फुटांवर उडतो, जगात सगळ्यात उंच, पण कधी उडेल याचा काही नेम नाही, त्याच्यासाठी थांबून राहू नका.

ग्रँड प्रिझमॅटिक म्हणजे ते फोटोतलं मोठं रंगीत कुंड, शंभर मीटरच्या आसपास रुंद. मधे निळं, मग हिरवं, पिवळं, नारिंगी. मधलं पाणी इतकं गरम की रंग देणारे जीव तिथं टिकत नाहीत, कडेला जसजसं थंड होत जातं तसतसे वेगवेगळे सूक्ष्मजीव राहतात आणि रंग त्यांचाच. सकाळी थंडीत गेलात तर नुसती वाफ दिसेल, आम्हाला पहिल्या दिवशी तसंच झालं, फळ्यांवर उभे राहून ढगात उभं राहिल्यासारखं. ऊन वर आल्यावर, अकरा-बाराच्या नंतर जा, आणि शक्य असेल तर बाजूच्या फेअरी फॉल्सच्या पार्किंगमधून टेकडीवरच्या पॉइंटला चढा, एक-सव्वा किलोमीटर चालणं आहे, चढ फार नाही, आमच्या घरच्या गुडघ्याला पट्टा बांधून हळूहळू आल्या. वरून जे दिसतं ते पाहून त्या दहा मिनिटं काही बोलल्याच नाहीत. जावयानं तिथंच सांगितलं की या पार्कातल्या गरम पाण्यात १९६० च्या दशकात थॉमस ब्रॉक नावाच्या शास्त्रज्ञाला एक जिवाणू सापडला, उष्णता सहन करणारा, आणि त्याच्यातूनच पुढं पीसीआर टेस्टला लागणारं एन्झाइम मिळालं. कोरोनात आपल्या नाकात काडी घालून जी टेस्ट केली तिचं मूळ इथल्या पाण्यात आहे, हे मी गावात सांगतो तेव्हा लोक विश्वास ठेवत नाहीत.

बिस्किट बेसिन नावाचा भाग आम्ही गेलो तेव्हा बंद होता. २०२४ च्या जुलैत तिथं भरदिवसा जमिनीखालच्या वाफेचा स्फोट झाला, दगड-चिखल उडाला, फळ्यांचा रस्ता मोडला, लोक पळाले, कोणाला लागलं नाही हे नशीब. म्हणून जिथं रस्सी बांधली आहे, बोर्ड लावला आहे, तिथं वाद घालायचा नाही, मागं फिरायचं.

आता जनावरांचं. आपण ताडोब्याच्या कडेची माणसं, आपल्याला वाटतं जंगल आपल्याला कळतं, आणि बऱ्यापैकी कळतंही. पण तिथं दोन गोष्टींत फसगत होते. एक म्हणजे तिथं जिप्सी नाही, गाइड नाही, गेटवर कोणी सोबत बसत नाही. आपलीच गाडी, आपणच चालवायची, आपणच थांबायचं, चुकलो तर अडवायला कोणी नाही. दुसरं म्हणजे बायसन. वाघ दिसला तर आपण आपोआप दम धरतो. बायसन दिसला की ढोरं पाळणाऱ्या माणसाला वाटतं, हे तर म्हशीसारखंच आहे, चरते आहे, आपल्याकडे पाहतही नाही. तिथंच घात होतो. नर बायसन ९०० किलोपर्यंत भरतो आणि माणसाच्या तिप्पट वेगानं धावतो. आपल्या रानगव्याला जितकं भेतो तितकंच त्याला भ्यायचं. शेपटी वर उभी केली, मातीत पाय घासायला लागला, डोकं हलवायला लागला की समजायचं तुम्ही फार जवळ आहात. नियम असा आहे, बायसन, एल्क म्हणजे तिथलं मोठं हरीण, अशा जनावरांपासून २३ मीटर आणि अस्वल, लांडग्यांपासून ९१ मीटर लांब राहायचं. ९१ मीटर म्हणजे किती ते डोळ्यात बसत नसेल तर वावरात एकदा मोठी ढांग टाकत शंभर पावलं मोजून उभे राहून पाहा, मी जाण्याआधी तसं केलं होतं आणि त्याचा उपयोग झाला.

जुलै-ऑगस्टमध्ये बायसनचा माजाचा काळ, तेव्हा नर जास्त तापट असतात. आम्ही जूनमध्ये गेलो तेव्हा आईजवळ लाल वासरं होती, वासरू असलं की गाय कोणाचीच नसते हे आपल्याला सांगायला नको. कळप रस्त्यावर आला तर गाडी बंद करून बसायचं, अर्धा तास जाईल, एक तास जाईल, हॉर्न वाजवायचा नाही. १९०२ मध्ये त्या पार्कात जेमतेम दोन डझन बायसन उरले होते, आता हजारोंनी आहेत. काचेतून तो कळप चालताना पाहिला आणि मला आखरावरून संध्याकाळी परतणारी ढोरं आठवली, तेच धूळ उडवणं, तेच हंबरणं, थोडं जाड आवाजात.

अस्वलाचं आपल्याला सांगावं लागत नाही, मोहफूल वेचायला जाणाऱ्या बायका वाघापेक्षा अस्वलालाच जास्त भेतात. तिथं ग्रिझली आणि काळं अस्वल असे दोन प्रकार आहेत. पायवाटेनं जंगलात शिरायचं असेल तर मोह-तेंदूपत्त्याला जातो तसंच जायचं, तिघं-चौघं मिळून, बोलत, टाळ्या वाजवत, एकटं नाही, अंधारात नाही. आणि पळायचं अजिबात नाही. बेअर स्प्रे म्हणून मिरचीच्या अर्काचा मोठा डबा मिळतो, तो तिकडेच घ्या, विमानात चालत नाही, आणि पिशवीच्या तळाशी न ठेवता कमरेला लावा. फक्त फळ्यांच्या रस्त्यावर फिरणार असाल तर त्याची गरज फारशी पडत नाही.

खायच्या वस्तू उघड्या ठेवायच्या नाहीत. आमच्या डब्यात जवसाची चटणी, तिखट शंकरपाळे, चिवडा होता, बाकावर डबा उघडून ठेवून आम्ही फोटो काढायला दहा पावलं गेलो तर बाजूच्या बाईनं हाक मारून परत बोलावलं. वासानं अस्वल येतं, एकदा माणसाचं खाणं चाखलं की परत परत येतं आणि शेवटी त्या अस्वलालाच मारावं लागतं. खाऊन झालं की सगळं गाडीत, गाडी बंद. कावळ्याला, खारीला, कोणालाही तुकडा टाकायचा नाही, आपण वानराला केळं देतो ते तिथं चालत नाही आणि खरं तर इथंही चालायला नको.

लांडगे पाहायचे असतील तर लामार व्हॅली. १९२६ पर्यंत तिथले लांडगे मारून संपवले होते, मग १९९५ आणि ९६ मध्ये कॅनडातून ३१ आणून सोडले. पहाटे साडेपाचला पोचलो, हात गारठलेले, रस्त्याच्या कडेला म्हातारी माणसं मोठ्या दुर्बिणी लावून बसलेली. भाषा येत नव्हती तरी एका आजोबांनी खुणेनं मला बोलावलं, दुर्बीण माझ्या उंचीला खाली केली, आणि दोन किलोमीटरवर नदीपलीकडे दोन काळे आणि एक राखाडी लांडगा चालताना मला दिसले. मचाणावर बसायची सवय असलेल्या माणसाला लामार आवडणारच. तिथं घाई करणाऱ्याला काही दिसत नाही. स्वतःची साधी दुर्बीण तरी नक्की न्या.

कपड्यांचं, आपण ४६ डिग्रीतून जातो. जूनमध्ये दुपारी छान ऊन, आणि पहाटे शून्याच्या जवळ, आमच्या दुसऱ्या दिवशी तर सकाळी बर्फ भुरभुरला. ओल्ड फेथफुलची जागा सव्वादोन हजार मीटरवर आहे, चिखलदऱ्याच्या दुप्पट, तर पहिल्या दिवशी दम लागतो. बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, पाणी भरपूर, पहिला दिवस हळू. स्वेटर, कानटोपी, रेनकोट आणि पकड असलेले बूट, चप्पल नको, सकाळी फळ्यांवर दहिवर गोठलेलं असतं. चष्म्यावर गीझरचे शिंतोडे उडाले तर लगेच पुसा, वाळले की पांढरे डाग पडतात ते निघत नाहीत. मधल्या रस्त्यावरच्या बऱ्याच संडासात पाण्याचा नळ नसतो, बाटली सोबत असू द्या, हे कोणी आधी सांगत नाही.

बाकी काम पोरांनाच करायला सांगा पण लवकर. आतली हॉटेलं वर्षभर आधी भरतात, नाही मिळाली तर वेस्ट यलोस्टोन किंवा गार्डिनर या गेटाबाहेरच्या गावांत बघायचं. बहुतेक रस्ते नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत बर्फामुळे गाड्यांना बंद असतात, तर मेअखेर ते सप्टेंबर हाच आपला काळ. आम्ही गेलो तेव्हा गाडीमागे ३५ डॉलरमध्ये सात दिवस फिरता आलं. २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या १६ वर्षं आणि त्यावरच्या माणसाला मोठ्या पार्कांत १०० डॉलर वरून द्यावे लागतात, म्हणजे आपण दोघं गेलो की २०० वाढले, वर्षाचा पास २५० चा आहे, दोन-तीन पार्क पाहायचे असतील तर हिशोब करून घ्या. मोबाइलला आत रेंज फार कमी, नकाशा आणि पार्कचं ॲप आधीच डाउनलोड करून ठेवा. ट्रॅव्हल इन्शुरन्स इथूनच काढून जा.

आणि गरम पाण्यात बसायचंच असेल तर शेवटचा मुक्काम उत्तरेच्या गेटाकडे, गार्डिनरला ठेवा. पार्कच्या बाहेर, तिथून थोड्याच अंतरावर, जमिनीतलं गरम पाणी हौदात घेऊन माणसाला सोसेल इतकंच गरम ठेवतात, तिकीट काढून आत जायचं. पोहायचे कपडे लागतात, ते पोरीला आधीच घेऊन ठेवायला सांगा, गर्दी असली तर आधी बुकिंगही लागते. तीन दिवस नुसते दुरून हात जोडून झाल्यावर आमच्या घरच्या त्या पाण्यात गळ्यापर्यंत बसल्या, ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावलं आणि पोरीला म्हणाल्या, "उनकेश्वरपेक्षा थोडसं कमीच गरम आहे गं बाई." सूर्य पल्याडच्या डोंगराआड जाईपर्यंत त्या काही बाहेर आल्या नाहीत.